सतरा नावांची प्लेलिस्ट

बेंबळीच्या विहाराला लागून असलेल्या वाचनालयाच्या खोलीला यंदा निळा ऑइलपेंट दिला आहे. रंग अजून ओला आहे आणि त्याच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं. खोलीतलं सामान ओट्यावर काढून ठेवलंय. पुस्तकांची दोन कपाटं, सतरंज्यांच्या गुंडाळ्या, मोडका माइकस्टँड, आणि एका पोत्यावर आडवा टाकलेला कॉम्प्युटरचा डबा. त्याची एक बाजू उघडी आहे. आत एक पाल वाळून कागदासारखी झाली आहे. आतल्या पंख्याच्या पात्यांवर धूळ इतकी जाड बसली आहे की बोटानं तिच्यावर नाव लिहिता येईल.

समितीचे अध्यक्ष तात्या म्हणाले, "बघ बाई, ह्यातलं काय लागत असंल तर काढून घे. सोमवारी भंगारवाला येतोय."

"हार्ड डिस्क घेते," मी म्हणाले.

"घे की. काय हाय त्यात आता? भाषणं बी जुनी झाली."

मी स्क्रू काढायला वाकले आणि आतला वास नाकात शिरला. तापलेली धूळ, उदबत्तीची राख, जुन्या कागदांची ओल. या डब्यात एकेकाळी माझ्या आत्याचा आवाज होता. आत्याला वाटतं, तो अजून आहे, फक्त वाजत नाही. तो नाहीच, हे एकट्या मला ठाऊक आहे. आठ वर्षं झाली, मी तिला ते सांगितलेलं नाही. आणि यंदाच्या जयंतीला तिला आपली गाणी कर्ण्यावर ऐकायची आहेत.

हा डबा आला तेव्हा मी आठवीत होते. निवृत्त झालेल्या एका कारकुनानं तो विहाराला दिला होता. रिक्षातून उतरवताना अख्खी वस्ती गोळा झाली. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन बसायचं, असे नियम पहिल्याच दिवशी ठरले. आत्यानं आपल्या जुन्या निळ्या लुगड्याचं त्याला खोळ शिवली, काठ बरोबर समोर येईल अशी. संध्याकाळी खोळ काढली की लुगड्यातला निरम्याचा वास आधी यायचा आणि मग पंख्याची घरघर सुरू व्हायची. पडदा उजळायला चांगली तीन-चार मिनिटं लागायची. त्या वेळात आम्ही गप्प बसायचो. इतकं गप्प आम्ही वंदनेला सुद्धा बसत नव्हतो.

आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. अप्पा, म्हणजे माझे वडील, सायकलच्या कॅरिअरला पत्रकांचे गठ्ठे बांधून गावोगाव फिरायचे. गुलाबी, पिवळा, पोपटी कागद आणि शाईचा रॉकेलसारखा वास. उरलेली पत्रकं आई टोपलीच्या तळाशी अंथरायची, त्यामुळं गरम भाकरीच्या पाठीवर कधीकधी 'जाहीर सभा' उलटी उमटलेली असायची. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. 'अन्याय' हा मी वाचलेला पहिला जोडाक्षरी शब्द. पत्रकाच्या खाली दोन रांगांत नावं असायची, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, आणि सगळ्यात शेवटी, कागद संपता संपता, 'व समस्त महिला मंडळ'. त्या समस्तमध्ये माझी शेवंताआत्या होती. मी ती ओळ शेकडो वेळा वाचली असेल. त्या ओळीचा राग यायला मला फार वर्षं लागली.

आत्या अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर सातव्या वर्षी परत आली ती आलीच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी ती स्वतः करायची. गाणं ज्या कामात सुचलं त्याच कामाचं नाव त्याला पडायचं. हापशाचं, खुरपणीचं, शाळेच्या दाखल्याचं, चिंचा झोडण्याचं, एसटीच्या पाटीचं, सोनारीच्या सडकेचं. सोनारीकडच्या सडकेवर तिनं तरुणपणी खडी फोडली होती. हापशाचं गाणं ती असं सुरू करायची:

हापसा हापसते बाई, पाणी येतं तळातून,
न्हाय कुणाच्या वरून, न्हाय कुणाच्या हातून.

तिच्या गायनपार्टीत सहा बाया होत्या. दोन टाळ, एक खंजिरी आणि उपडं घातलेलं घमेलं, एवढंच वाजवायला. जयंतीला बाहेरून येणाऱ्या पार्ट्या सिनेमाच्या चालीवर गायच्या आणि लोक नाचायचे. आत्याला ते खपायचं नाही. तिच्या पार्टीची रीत ठरलेली होती, एका गाण्याची चाल दुसऱ्याला लावायची नाही आणि बाहेरची तर मुळीच नाही. "चाल दुसऱ्याची आणायची, तर बोल तरी कामून आपले म्हणायचे?" असं ती म्हणायची. घमेलं वाजवणारी पारूमावशी तिला चिडवायची, "शेवंते, तुला सिनेमात घेतलं न्हाय म्हणून राग हाय तुझा." मग आत्या तोंडातली मिश्री थुंकून हसायची. तिच्या हसण्यात तेव्हाही एक खरखर होती. आम्हाला वाटायचं, हसूच तसं आहे.

एका लग्नात उमरग्याकडचा एक व्हिडिओवाला आला होता. वऱ्हाड यायला उशीर झाला आणि तो सावलीत बसून कंटाळला. बाया मांडवात गात होत्या. त्यानं सहज कॅमेरा लावला आणि दुपारभर लावूनच ठेवला. महिन्याभरानं त्यानं दोन सीड्या पाठवल्या. वरती निळ्या स्केचपेननं लिहिलं होतं, 'महिला गाणी'. दोन्ही मिळून सतरा गाणी.

पहिली सीडी आधी लागेचना. ड्राइव्ह घुरघुरायचा, थांबायचा, परत घुरघुरायचा, आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट यायची. बाया दाराशी उभ्या होत्या. आत या म्हटलं तरी त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेरच असायचा. मी घामाघूम झाले. मग गावातल्या फोटो स्टुडिओवाल्यानं मला पहिला धडा दिला. सीडी गोल गोल पुसायची नाही, मधून कडेकडे पुसायची, आणि मऊ धोतराच्या कापडानं. तशी पुसली आणि ती लागली. पुढच्या दोन वर्षांत असे कितीतरी धडे मी गोळा केले. चित्र दिसतं पण आवाज नाही, तर आधी कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर लाल फुली आहे का ते बघायचं, मग मागची हिरवी पिन नीट बसली आहे का ते. आवाज आहे पण चित्र काळं, तर कोडेक नाही. म्हणजे त्या तऱ्हेची फाईल उलगडायची किल्ली त्या यंत्राजवळ नाही. तेव्हा नारंगी शंकूचं चिन्ह असलेला प्लेअर टाकायचा, तो जवळजवळ सगळं उघडतो. चित्र अडखळत असेल तर बाकीच्या खिडक्या बंद करायच्या. यंत्र सुरूच झालं नाही तर आतली रॅम काढून तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासायचा. खोडरबराचा तो गोड वास मला अजून यशाचा वास वाटतो.

आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. आमच्या दुसऱ्या सीडीला हाच रोग होता. आत्याचा ओठ आधी हलायचा आणि बोल मागून यायचा. पारूमावशी पहिल्यांदा ते बघून म्हणाली, "बघा, हिचं तोंड लई पळतंय, आवाज बिचारा मागं धापा टाकतोय."

"आन् तुझं घमेलं गं?" आत्या म्हणाली. "हात वर हाय तरी वाजतंय. भूत बसलंय का त्यात?"

मी प्लेअरमधलं एक बटण दाबत गेले. दर वेळी आवाज थोडा पुढं सरकायचा. अजून थोडा. अजून थोडा. आणि एका क्षणी आत्याचा ओठ आणि आत्याचा आवाज एकमेकांवर बरोबर बसले. दारातल्या बाया एकेक करून आत आल्या, सगळ्या, दोन्ही पायांनी, आणि सतरंजीवर बसल्या. स्वतःला गाताना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कौशल्याकाकू आयुष्यभर मागच्या रांगेत टाळ वाजवत आली होती. ती म्हणाली, "अगं बया, म्या बी हाय की ह्यात."

उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी हेच चालायचं. बाहेर फुफाटा उडायचा, आत पंखा नसायचा, कारण पंखा आणि कॉम्प्युटर एकदम लावले की इन्व्हर्टर किंचाळायचा. बाया पदरानं वारा घ्यायच्या. कुणी पापड लाटायला घेऊन यायची, मग खोलीला उडदाचा वास लागायचा. सीड्या सारख्या घालून काढून झिजतील म्हणून मी सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. आत्यानं विचारलं, "म्हंजी आता ही चकती रिकामी झाली?"

मी हसून "व्हय" म्हणाले. नाही म्हणून समजावून सांगायचा मला कंटाळा आला. त्या रब्बीत दोन्ही सीड्या आमच्या ज्वारीत काठीला बांधून टांगल्या होत्या, चिमण्या हाकलायला. उन्हात त्यांचे रंगीत कवडसे कणसांवरून फिरायचे. मला ते सुंदर वाटलं. मी त्यावर एक कविता सुद्धा केली होती आणि ती शाळेच्या फळ्यावर लागली होती.

प्लेअरमध्ये सतरा गाणी एकाखाली एक लावून ती यादी जपून ठेवता येते, हे मला नववीत कळलं. प्लेलिस्ट म्हणतात तिला. मी प्रत्येक गाण्याला नाव दिलं, आत्याला विचारून, तिच्या क्रमानं, आणि पडद्यावर एक चिन्ह तयार झालं. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की सगळी गाणी ओळीनं लागायची. एका चिन्हात सतरा गाणी. मला वाटलं, मी ती बांधून एका गाठोड्यात घातली.

मी दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत होते तेव्हा निवडणूक होती. एका पुढाऱ्याच्या भाषणाची फिल्म विहारात दाखवायची होती. ती लागेना. चित्र दोन वाक्यं चालायचं आणि पुढाऱ्याचं तोंड उघडं ठेवूनच थांबायचं. मी तात्यांना म्हणाले, "प्लेअर जुना आहे. तालुक्याहून नवीन आणून टाकला की चालेल. उद्यापर्यंत थांबा."

"सभा आज हाय का उद्या?" तात्या म्हणाले. त्यांनी तालुक्यावरून एका दुकानवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, सगळं उडेल, काही ठेवायचं असेल तर काढून घ्या.

तात्यांनी मला विचारलं, "काय महत्त्वाचं हाय का गं ह्यात?"

"आत्याची गाणी आहेत."

"त्ये व्हय. मला वाटलं कागदपत्रं असतील. बायकांची गाणी काय, घे एखाद्या पेन ड्राइव्हवर."

मी अप्पांचा पेन ड्राइव्ह आणला आणि ते एक चिन्ह त्याच्यात ओढलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी झालं. इतक्या लवकर कसं झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला उलट अभिमान वाटला. खात्री करायला मी पेन ड्राइव्ह उघडून त्यातल्या चिन्हावर टिचकी मारली. हापशाचं गाणं लागलं. "बघा, वाजतंय," मी तात्यांना म्हणाले. वाजणारच होतं. पेन ड्राइव्हमध्ये नुसती नावं होती आणि गाणी कुठं ठेवली आहेत त्याचा पत्ता. गाणी त्याच कॉम्प्युटरमध्ये, आपल्या जागेवर होती. पत्ता बरोबर होता, म्हणून ती सापडली. मग दुकानवाल्यानं त्याची चकती घातली आणि तासाभरात त्या पत्त्यावरचं घर पाडून टाकलं.

संध्याकाळी पुढाऱ्याचं भाषण न अडखळता झालं. बायांनी टाळ्या वाजवल्या. भाषणात माताभगिनींचा उल्लेख चार वेळा आला.

दोन दिवसांनी मी पेन ड्राइव्ह लावला. प्लेअर उघडला. नावं आली, सतराच्या सतरा, माझ्या हातानं टाइप केलेली. पहिल्यावर टिचकी मारली. फाईल सापडत नाही. दुसऱ्यावर मारली. फाईल सापडत नाही. तिसऱ्यापासून तर मी चौकट वाचतच नव्हते, फक्त बंद करत होते. सीड्या तर ज्वारीत उन्हावाऱ्यानं कधीच खरवडून गेल्या होत्या. दारात आत्या उभी होती. तिनं विचारलं, "काय झालं गं? लागंना?"

मी म्हणाले, "कोडेक गेलाय."

हे मी का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. त्या क्षणी तो शब्द जवळ होता आणि तिला तो कळणार नव्हता, इतकंच. पण एकदा बोललं की त्यापुढची वाट सोपी होते. दिवाळीला ती म्हणाली, गाणी लाव की. मी म्हणाले, विंडोज नवीन आहे, जुन्या फाईलला परवानगी देत नाही. जयंतीला म्हणाले, ड्रायव्हर अपडेट करायला इंटरनेट लागतं. मी कॉलेजला शहरात गेले, सुट्टीला आले, तेव्हा फॉरमॅट सपोर्ट करत नाही. पुढच्या सुट्टीला साउंडकार्ड. तहसीलात कारकून म्हाताऱ्या माणसाला 'सर्व्हर डाऊन' म्हणून खिडकी लावून घेतो, त्याच्यावर मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात अर्धं पान लिहिलं होतं. इंग्रजीच्या काठीनं अडाण्याला हाकलणारे, असं काहीतरी त्यात होतं. लोकांनी पाठ थोपटली. त्याच सुट्टीत मी घरी येऊन आत्याला साउंडकार्ड सांगितलं.

आणि तिनं ते शब्द पाठ केले. याची आठवण सगळ्यात जास्त टोचते. पारूमावशीनं विचारलं की गाणी कव्हा ऐकवणार, तर आत्या मोठ्या रुबाबात सांगायची, "तुला काय कळतंय? त्याला कोडेक लागतोय. आमची पोरगी बघायलीय." पेन ड्राइव्ह तिनं माझ्याकडून मागून घेतला आणि मिश्रीच्या पत्र्याच्या डबीत ठेवला. "तुझ्याकडं हरवंल. माझ्याजवळ ऱ्हाऊ दी."

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याला मधोमध एक भोक आहे आणि त्याच्यावर पांढरं फडकं बांधलेलं असतं. श्वास तिथून जातो-येतो. ओठ हलतात, पण त्यातून काही येत नाही. मिश्री सुटली. डबी राहिली, आत पेन ड्राइव्ह. मी कधीही घरी गेले की ती डबी उघडून माझ्यापुढं धरते, भुवया उंचावते. आणि मी, अन्यायावर बोलायला मला व्यासपीठावर बोलावतात ती मी, मान हलवून म्हणते, "बघते आत्या. बघते."

हार्ड डिस्क घेऊन मी दुसऱ्या दिवशी धाराशिवला गेले. तिथं गेलेला डेटा परत काढून देणारा एक माणूस आहे. त्यानं सकाळभर खटपट केली. डिस्क चालू होती. त्यानं पडदा माझ्याकडं फिरवून दाखवला. भाषणं निघाली. सत्काराचे फोटो निघाले. कुणाच्या तरी लग्नाची वरात निघाली. "ताई, जुन्या फाईली पुसल्या तरी जागेवर असतात," तो म्हणाला, "पण तुमच्या जागेवर नंतर दुसरं लिहिलं गेलंय. आता खालचं निघत नाही." मी त्याला धन्यवाद दिले आणि एसटी स्टँडवर बराच वेळ बसून राहिले. माझी बेंबळीची गाडी माझ्यासमोरून गेली.

आत्या अंगणात लिंबाच्या सावलीला शेंगा फोडत होती. शेंगांच्या टरफलांचा मातकट वास येत होता. मला बघितल्याबरोबर तिनं डबी काढली.

मी तिच्यापुढं मातीत बसले. "आत्या," मी म्हणाले, "ह्यात गाणी नाहीत. कधीच नव्हती. नुसती नावं आहेत. मी चुकीचं घेतलं. मला दोन दिवसांतच कळलं होतं. कोडेकचं खोटं होतं. साउंडकार्डचं पण. सगळं खोटं सांगितलं तुला."

तिचे हात थांबले. ती रडेल असं मला वाटलं. ती मला जवळ घेईल, असंही माझ्यातल्या एका नीच कोपऱ्याला वाटलं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ओठ हलवले, सावकाश, मला वाचता येईल असे. "कव्हापासून?"

"आठ वर्षं."

तिनं पेन ड्राइव्ह डबीतून काढला, तळहातावर ठेवून पाहिला, आणि टरफलांत टाकला. मग उठली, माझं मनगट धरलं आणि ओढत निघाली. पारूमावशीच्या दारात थांबून कडी वाजवली. नंतर कौशल्याकाकूच्या. पार्टीतल्या सहाजणींपैकी आता या तिघीच उरल्या आहेत. विहाराच्या ओट्यावर त्यांना बसवून आत्यानं माझ्याकडं बोट केलं आणि ओठांनी म्हणाली, "सांग. बायांफुडं सांग."

मी परत सगळं सांगितलं. उभं राहून.

पारूमावशी म्हणाली, "म्हंजी तू बी साहेबच निघालीस की गं."

"तात्यांनी फॉरमॅट मारायला लावला म्हणून," मी म्हणाले. ऐकणाऱ्यालाही ते किती केविलवाणं वाटलं असेल.

"तात्यानं मारला," कौशल्याकाकू म्हणाली. "तुला इचारून मारला. आमाला कुणी इचारलं व्हतं का? आमी हितंच व्हतो, दारात. भाकरी थापायला सांगितल्या व्हत्या सभेसाठी."

तात्या आतून रंगाचा ब्रश घेऊन बाहेर आले, आम्हाला बघून परत आत गेले.

मी वही काढली. ती सतरा नावं मला तोंडपाठ होती. मी म्हणाले, आपण आठवून लिहूया. पारूमावशी "लिही" म्हणाली, पण तिचा आवाज काही मऊ झाला नव्हता. मी पहिलं नाव वाचलं, हापशाचं. ते तिघींना पूर्ण येत होतं. खुरपणीचं, एक कडवं सोडून आलं. दाखल्याचं आलं. कुठं शब्द अडला की आत्या ओठ हलवायची, आम्ही तिघी तिच्या तोंडाकडं टक लावायचो आणि कुणीतरी ओरडायचं, "बाभळ! बाभळ म्हनतीया!" आत्या होकाराची मान हलवायची. थोडा वेळ मला वाटलं, हे जमतंय. कौशल्याकाकू हसली सुद्धा.

मग सोनारीच्या सडकेचं आलं. बोल निघाले, आत्याच्या ओठांवरून एकेक उचलत सगळे निघाले. पारूमावशीनं ते गाऊन बघितलं. आत्यानं तळहात ओट्यावर आपटला. नाही. मावशीनं सूर बदलला. परत तळहात. कौशल्याकाकूनं वेगळ्याच उंचीवर धरलं. तळहात. मी माझ्या आठवणीतलं म्हणून बघितलं, दुपारच्या त्या खोलीतलं, उडदाच्या वासातलं. मला खात्री होती. तळहात, आणि या वेळी जोरात.

"मग कशी हाय ती?" पारूमावशी वैतागून म्हणाली. "दाव की!"

आत्यानं तोंड उघडलं. गळ्यावरचं फडकं आत ओढलं गेलं, बाहेर आलं, आत गेलं, बाहेर आलं. डोळे मोठे झाले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. ती गात होती. अख्खं कडवं ती आमच्यापुढं गायली आणि आम्हाला फडक्याची फडफड तेवढी ऐकू आली. चाल तिच्या डोक्यात जशीच्या तशी आहे. चुकीची कुठली ते तिला लगेच कळतं. बरोबर कुठली ते आता जगात कुणालाच ऐकू येणार नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सतराही नावं वाचून झाली. चौदांचे बोल मिळाले, काहींचे अर्धे. चाली सहांच्या मिळाल्या. माझ्या वहीत प्रत्येक पानावर वरती गाण्याचं नाव होतं, खाली बोल, आणि चालीसाठी सोडलेली ओळ. अकरा पानांवर ती ओळ कोरी होती. मी वही मिटायला लागले तेव्हा आत्यानं तिच्यावर हात ठेवला. सडकेचं पान उघडलं. कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय लिहू इथं?" मी विचारलं.

तिला वाचता येत नाही. पण रिकामी जागा तिला कळते. तिचे ओठ हलले. मला समजलं, तरी मी न समजल्यासारखं केलं. मग पारूमावशीनं मोठ्यानं सांगितलं, "कुणापायी गेली त्ये लिही म्हनतीया. तुझं नाव लिही. तात्याचं बी लिही."

रंगाचा वास ओट्यावर दाटला होता. आत तात्या भिंतीवर ब्रश फिरवत होते. तिघी माझ्या पेनाकडं बघत होत्या.

मी आधी माझं लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. अकरा वेळा.